शौर्याचे कौतुक आणि समाजाचे कर्तव्य



प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी घरोघरी दूरदर्शन लागलेले असते. राजधानीतील संचलन ऐन भरात असते. सैन्यदलांच्या तुकड्या आणि राज्यांचे चित्ररथ पुढे सरकत असतात आणि त्यांच्यामध्येच एक वेगळा जथा पडद्यावर येतो. अनेक वर्षे सजवलेल्या हत्तींवरून आणि पुढे उघड्या जीपगाड्यांतून हात हलवत गेलेली ही शूर बालके. कोणी बुडणाऱ्या मैत्रिणीला पाण्याबाहेर काढलेले असते, कोणी पेटत्या घरातून तान्ह्या भावाला बाहेर आणलेले असते. निवेदक दोन वाक्यांत त्यांची ओळख करून देतो. घरातील आजी डोळ्यांना पदर लावते, वडील मुलाला म्हणतात, "बघ, तुझ्याच वयाचा आहे तो!" मिनिटाभरात जथा दिसेनासा होतो आणि स्वयंपाकघरातून हाक येते. वर्षभराचे कौतुक तेथेच संपते.

या सोहळ्याचा आरंभ कसा झाला, हे जाणून घेण्यासारखे आहे. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर एक कार्यक्रम सुरू होता. पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. विजेच्या तारांत बिघाड होऊन शामियान्याने पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा बालवीर तेथे सेवेवर होता. त्याने कमरेची सुरी काढली आणि पेटते कापड फाडून लोकांसाठी वाट मोकळी केली. शेकडो लोकांचा जीव वाचला. या प्रसंगातून मुलांच्या शौर्याला राष्ट्रीय सन्मान देण्याची कल्पना पुढे आली आणि ४ फेब्रुवारी १९५८ रोजी हरिश्चंद्रासह दोन मुलांना स्वतः पंतप्रधानांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. भारतीय बालकल्याण परिषदेने ही परंपरा पुढे चालवली. १९७८ पासून संजय चोप्रा व गीता चोप्रा यांच्या नावाचे पुरस्कार सुरू झाले, पुढे 'भारत पुरस्कार' आला आणि महाराष्ट्राच्या बापू गायधनी यांचे नावही या मालिकेत जोडले गेले.

हरिश्चंद्राच्या कथेत एक बारकावा सहसा दुर्लक्षिला जातो. त्या मैदानावर वयाने, अधिकाराने मोठी अशी माणसे कमी नव्हती. सुरी मात्र त्या मुलाच्या कमरेला होती आणि ती कशी वापरायची, हे त्याला ठाऊक होते. तो स्काउट होता. गाठी बांधणे, संकटात डोके शांत ठेवणे यांचा सराव त्याने कितीतरी दिवस केलेला होता. आग लागली त्या क्षणी त्याला विचार करत बसावे लागले नाही. शौर्य त्या दिवशी प्रकट झाले खरे, परंतु त्याची पेरणी कवायतीच्या मैदानावर आधीच झाली होती. संस्कार या शब्दाचा व्यवहारातील अर्थ हाच आहे.

आता दुसरी कथा पाहावी. २६ ऑगस्ट १९७८. दिल्लीतील एका नौदल अधिकाऱ्याची सोळा वर्षांची मुलगी गीता आणि तिचा धाकटा भाऊ संजय आकाशवाणीवरील युवकांच्या कार्यक्रमासाठी घरून निघाले. वाटेत त्यांचे अपहरण झाले. दोघांनी शेवटपर्यंत झुंज दिली. गाडीत चाललेली झटापट रस्त्यावरील काही लोकांनी पाहिली, पोलिसांपर्यंत वार्ताही गेली, पण मदत वेळेत पोहोचली नाही. दोघेही मारले गेले. पुढे १९८१ मध्ये त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र देण्यात आले. त्यांच्या नावाचे पुरस्कार दिले जातात तेव्हा शौर्याला वंदन होतेच. पण त्याबरोबर एक जुना प्रश्नही उभा राहतो. मुले लढत होती, त्या वेळी मोठी माणसे कोठे होती?

हा प्रश्न कटू आहे. तरीही तो टाळता येणार नाही. वर्षानुवर्षे जाहीर होणारी मानपत्रे नीट वाचली, तर त्यांत तीच ती ठिकाणे पुन्हा पुन्हा भेटतात. कठडा नसलेली विहीर, शाळेच्या वाटेवरील पूल नसलेला ओढा, लोंबकळणारी विजेची तार, वस्तीच्या कडेला आलेला बिबट्या. मुलाने जीव धोक्यात घातला म्हणून पदक मिळाले. परंतु तो धोका तेथे कोणी ठेवला? पदक मिळाल्यानंतर त्या विहिरीला कठडा बांधला गेला का? मानपत्रांची ही यादी मुलांच्या शौर्याची आहे, तशीच ती मोठ्यांच्या हलगर्जीपणाचीही आहे. त्यातील काही नावांपुढे 'मरणोत्तर' हा शब्द असतो आणि पदक स्वीकारायला आई-वडील येतात. त्या मातेच्या हातातील पदकाकडे पाहून केवळ टाळ्या वाजवणे पुरेसे नाही.

पुरस्कार देणाऱ्यांतही वाद झाले. परिषदेच्या आर्थिक व्यवहारांविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर २०१९ च्या आरंभी केंद्र सरकारने तिच्या पुरस्कारांपासून स्वतःला वेगळे केले. परिषदेने निवडलेली मुले त्या वर्षी संचलनात दिसली नाहीत. सरकारच्या वतीने 'प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार' दिले जातात. त्यांत शौर्याबरोबर कला, क्रीडा, विज्ञान, समाजसेवा अशा क्षेत्रांचाही समावेश आहे. व्यवहार स्वच्छ असलाच पाहिजे, यात दुमत नाही. तथापि मोठ्यांच्या वादात मुलाचे शौर्य उणे ठरू नये, एवढी काळजी दोन्ही बाजूंनी घ्यायला हवी होती.

२०२२ पासून २६ डिसेंबर हा 'वीर बाल दिवस' म्हणून पाळला जातो. गुरू गोविंदसिंहांचे धाकटे पुत्र जोरावरसिंह आणि फतेहसिंह यांच्या बलिदानाचे हे स्मरण आहे. सरहिंदच्या भिंतीत चिणले जात असतानाही त्या कोवळ्या मुलांनी धर्म सोडला नाही. त्यांचे पिता महाराष्ट्रात, नांदेडच्या भूमीत विसावले. म्हणून मराठी मनाला ही कथा परकी नाही. त्या बालकांच्या मागे आजी माता गुजरी उभी होती. थंड बुरुजात कैदेत असताना तिने नातवांचे मन खंबीर ठेवले. मुलांच्या शौर्यामागे असे एक घर असावे लागते.

तर मग घराने आणि गावाने करायचे काय? मुलांना उडी घ्यायला शिकवण्याआधी उडी केव्हा घेऊ नये, हे शिकवावे. कोणी बुडत असेल, तर पोहता न येणाऱ्याने पाण्यात शिरू नये. दोर, काठी, साडी किंवा रिकामा बंद डबा फेकावा आणि आरडाओरडा करून माणसे जमवावीत. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावू नये. आधी मुख्य बटण बंद करावे. कपड्यांनी पेट घेतला, तर धावू नये; जमिनीवर लोळावे. हे सारे एका रविवारच्या सकाळी गावातील पटांगणावर शिकवता येते. त्याच दिवशी गावातील उघड्या विहिरींची आणि धोकादायक तारांची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या हाती देता येते.

प्रौढांसाठीही परीक्षा आहेच. रस्त्यावर अपघात झाला की, "पोलिसांचे लफडे नको," असे म्हणून गाड्या पुढे जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जखमीला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे; त्याने आपले नाव सांगावे, अशी सक्तीही करता येत नाही. कायद्याने आपले काम केले. आता गाडी थांबवणे तेवढे बाकी आहे. जीव वाचवणाऱ्या नागरिकांसाठी 'जीवन रक्षा पदक' १९६१ पासून दिले जाते. परंतु पदकाची वाट पाहत कोणी गाडी थांबवत नसतो. वडिलांनी गाडी थांबवलेली ज्या मुलाने मागच्या आसनावरून पाहिली, त्याला वेगळा धडा द्यावा लागत नाही.

पुढच्या जानेवारीत पुन्हा दूरदर्शन लागेल, पुन्हा शूर मुले पडद्यावर येतील. त्या वेळी टाळ्या जरूर वाजवाव्यात. मात्र त्याआधी आपल्या गावातील एका तरी विहिरीला कठडा बांधलेला असावा. ज्या मुलाला जीव धोक्यात घालण्याची वेळच आली नाही, त्याचे नाव कोणत्याही यादीत येणार नाही. ते न आलेले नाव हाच त्या गावाचा खरा पुरस्कार आहे.