कंपासपेटीतलं 'नॉर्मल'



हॉटेलात बसलं की वेटर विचारतो, "पाणी थंड की नॉर्मल?" डॉक्टर म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत," आणि आपला जीव भांड्यात पडतो. हे इंग्रजी विशेषण आता आपल्या घरातलंच झालंय.

ते आलं मात्र सुताराच्या हत्यारांतून. लॅटिनमध्ये 'नॉर्मा' म्हणजे गुण्या, आपल्या कंपासपेटीत असतो तोच. गुण्या लावून जे काटकोनात भरलं ते नॉर्मल. शाळेत आरशावरच्या किरणांची आकृती काढताना आपण जी स्तंभिका काढायचो, तिला इंग्रजीत आजही नॉर्मलच म्हणतात. पुढे हत्याराचं नाव नियमाला मिळालं. १७९४ साली पॅरिसमध्ये शिक्षक घडवायला 'एकोल नॉर्माल' स्थापन झाली, ती शिकवण्याचा नमुना घालून देणारी शाळा म्हणून. 'चारचौघांसारखा' हा अर्थ इंग्रजीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात.

त्याच शतकात, १८६८ साली, लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांचा ग्रंथ आला. सुमारे २५ हजार माणसांच्या काखेत थर्मामीटर लावून त्यांनी ३७ अंश सेल्सिअस ही सरासरी काढली. आपल्या तोंडी असलेला ९८.६ हा आकडा तोच, फॅरनहाइटमधला. अंग पहाटे थोडं थंड असतं, संध्याकाळी थोडं गरम, हेही त्यांनीच लिहून ठेवलं. लोकांच्या लक्षात राहिला फक्त आकडा.

पाण्याला नॉर्मल म्हणा, रक्तदाबाला म्हणा, माझी तक्रार नाही. पण "त्यांचा मुलगा नॉर्मल नाही हो," असं कुणी हलक्या आवाजात बोललं, की माझ्या मनात कालवाकालव होते. फळी गुण्यात बसली नाही तर तिला रंधा मारता येतो. त्या मुलाला काय मारणार?

माझ्या लेकीच्या बाळंतपणात फोनवर जो तो हेच विचारायचा, "नॉर्मल झाली ना?" मी सांगायची, "सिझेरियन झालं." पलीकडे क्षणभर शांतता. जणू पोरीचं काही चुकलंच! दोन-तीन फोन झाले आणि मला आईच्या तोंडचे शब्द आठवले. पुढच्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं, "बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत."