मृग लागतो, पण दिसतो केव्हा?



जूनच्या पहिल्या आठवड्यात 'मृग लागला' हे शब्द खेड्यापाड्यांतून आणि शहरांतूनही कानी पडतात. हे मृग आकाशात कोठे असते, असे मुलाने विचारले, तर मात्र अनेक सुशिक्षित घरांत उत्तर मिळत नाही. मृगाचे नाव सर्वतोमुखी असते, नेमके त्याच दिवसांत ते दिसत नाही. मृग लागणे म्हणजे सूर्याने त्या नक्षत्रात प्रवेश करणे. सूर्याच्या तेजात ते लोपलेले असते. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तेच मृग अंधार पडताच पूर्वेला उगवून रात्रभर आकाशात राहते.

आकाशदर्शनाचा श्रीगणेशा या ओळखीच्या नावापासूनच करावा. त्यासाठी दुर्बिणीची घाई नको. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहान तुकडा दिसतो. ज्याला तारेच ठाऊक नाहीत, त्याला ती कोठे रोखावी हेही उमगत नाही. मग चार दिवसांत ती माळ्यावर जाते आणि मुलाची उत्सुकताही तिच्यासोबत मावळते. पहिले वर्ष डोळ्यांचेच असावे.

इंदिरानगर मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे. दिव्यांच्या उजेडात क्षीण तारे हरवतात. परंतु ठळक तारे येथूनही दिसतात आणि नवशिक्याला तेवढे पुरेसे आहेत. गच्चीवरील दिवा मालवावा, रस्त्याकडे पाठ करावी आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी वीस ते तीस मिनिटे द्यावीत. या काळात मोबाइल पाहू नये. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावावा.

डिसेंबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास पूर्वेकडे पाहिले, की एका ओळीतील तीन तारे लक्ष वेधतात. हा मृगातील बाण. त्याच्या एका बाजूस तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूस निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेषा खाली वाढवली, की रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा, व्याध, सापडतो. तीच रेषा वर नेली, की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका येतो. व्याधाचा प्रकाश येथे पोहोचण्यास सुमारे साडेआठ वर्षे लागतात. तिसरी-चौथीतील मुलाच्या जन्माच्या सुमारास तो निघालेला असतो. कृत्तिकांचा प्रकाश सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिवजन्माच्याही आधीचा.

नाशिकचे अक्षांश सुमारे २० अंश असल्याने ध्रुवतारा उत्तरेला क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश मोजते; अशा दोन मुठी, एकीवर एक.

यानंतर पौर्णिमांकडे लक्ष द्यावे. कार्तिकात पूर्णचंद्र कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षात मृगाच्या, तर माघात मघांच्या आसपास असतो. महिन्यांची नावे आकाशाच्या निरीक्षणातून आली आहेत, हे मुलाला सांगावे लागत नाही. ते त्याला दिसते.

याच निरीक्षणाची परंपरा शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) यांनी मराठीत ग्रंथबद्ध केली. व्यवसायाने शिक्षक असलेल्या या कोकणच्या सुपुत्राने १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा संशोधनग्रंथ प्रसिद्ध केला आणि सामान्य वाचकासाठी 'ज्योतिर्विलास'ही लिहिले. पुढे १९४४ मध्ये पुण्यात हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली.

आरंभासाठी एक वही पुरेशी आहे. तिथी, वेळ आणि व्याध कोणत्या इमारतीच्या वर दिसला, एवढेच नोंदवावे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. पंधरा दिवसांत हा फरक एका तासाचा होतो आणि वहीत स्पष्ट उमटतो. अमावास्येच्या आसपास एका रात्री सोसायटीतील सर्वांनी मिळून गच्चीचे दिवे अर्धा तास बंद ठेवावेत. पंचांगातील नावे मुलांनी नुसती ऐकू नयेत, ओळखावीत. त्यासाठी एवढा अंधार वडीलधाऱ्यांनी त्यांना द्यायलाच हवा.