संगणक जुळवावा ऐपतीप्रमाणे
(त्र्यंबकेश्वर येथील पालकसभेत केलेले भाषण)



संगणकासाठी कर्ज काढलेच पाहिजे असे नाही. सुटे भाग पारखून जोडणे हे कमीपणाचेही नाही. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकने ‘परम 8000’ हा महासंगणक बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर जोडूनच उभा केला.

पैसा बेताचा असेल, तर ग्राफिक्सची सोय अंगभूत असलेला प्रोसेसर, त्याला बसणारा मदरबोर्ड, 8 जीबी रॅम आणि एसएसडी घ्यावी. अभ्यास व प्रोग्रॅमिंग शिकण्यास एवढे पुरते. रॅमची एक जागा मोकळी ठेवावी. पुढे भर घालता येते. मॉनिटर, कीबोर्ड जुने चालतील.

ऐपत थोडी अधिक असेल, तर 16 जीबी रॅम व मोठी एसएसडी घ्यावी. हात सढळ असला, तरी वेगळे ग्राफिक्स कार्ड चित्रफितींचे संपादन किंवा त्रिमिती आराखडे शिकणाऱ्यानेच घ्यावे.

काटकसर एसएमपीएसमध्ये मात्र करू नये. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. हलका एसएमपीएस जळताना इतर भागही घेऊन जातो. रंगीत दिव्यांच्या पेटीचे पैसे वाचवून यूपीएस घ्यावा.

शेवटची विनंती : घरात संगणक एकच असेल, तर त्यावर मुलाइतकाच वेळ मुलीलाही मिळावा.