पंचकोनांची फरसबंदी



पाचही बाजू व कोन समान असलेल्या फरशा जोडल्यास फट उरते. कारण १०८ अंशांचे तीन कोन ३२४ अंशच व्यापतात. बाजू व कोन बदलल्यास मात्र काही पंचकोन फट न ठेवता बसतात. अशा प्रकारांची यादी पूर्ण झाल्याचे १९६८ साली मानले गेले होते.

कॅलिफोर्नियातील गृहिणी मार्जोरी राइस यांचे गणिताचे शिक्षण शालेयच होते. मुलासाठी येणाऱ्या मासिकातील लेख वाचून त्यांनी स्वयंपाकघरात आकृत्या रेखाटल्या आणि १९७६-७७ मध्ये चार नवे प्रकार शोधले. त्याच पंचकोनांच्या जाळ्यांवर त्यांनी फुले, मधमाश्या रंगविल्या.

पुठ्ठा व कात्री प्रत्येक शाळेत असते. भूमिती व चित्रकलेचा तास एकत्र घ्यावा. उत्तर आपल्यालाही ठाऊक नसलेला प्रश्न मुलांपुढे ठेवण्याचे धैर्य तेवढे हवे.