सर ह्यू केर्न्स आणि शिरस्त्राण



जखम झाल्यावर धावून येणे हा शस्त्रवैद्याचा धर्म होय. परंतु जखम होऊच नये म्हणून झटलेल्या एका शस्त्रवैद्याचे चरित्र आज मी आपणांपुढे संक्षेपाने मांडणार आहे.

ह्यू केर्न्स यांचा जन्म १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी येथे झाला. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला गेले. पुढे बोस्टन येथे हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले आणि १९३७ साली ते ऑक्सफर्ड येथे शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले.

मे १९३५ मध्ये अरबस्तानातील मोहिमेमुळे विख्यात झालेले टी. ई. लॉरेन्स फटफटीवरून पडले. मस्तकावर शिरस्त्राण नव्हते. सहा दिवस ते बेशुद्ध होते. शुद्धीवर न येताच त्यांचा अंत झाला. उपचारार्थ पाचारण केलेल्या वैद्यांत केर्न्स होते. फुटलेल्या मस्तकापुढे निष्णात हातही हतबल ठरतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

महायुद्ध सुरू झाल्यावर पहिल्या २१ महिन्यांतच ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार व त्यांचे सहप्रवासी मरण पावले. १९४१ साली केर्न्स यांनी या मृत्यूंविषयी निबंध प्रसिद्ध केला. शिरस्त्राण घातलेले केवळ सातच जखमी त्यांच्या पाहण्यात आले होते. परंतु ते सातही जण वाचले होते! शिरस्त्राण आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरवते व त्याचा जोर स्वतः सोसते, म्हणून मेंदूला कमी इजा पोहोचते. त्याच वर्षी सैन्यातील मोटरसायकलस्वारांना कामावर असताना शिरस्त्राण सक्तीचे झाले. नंतर मृत्यूंची संख्या घटल्याचे केर्न्स यांनी १९४६ साली दाखवून दिले.

१९५२ साली त्यांचे देहावसान झाले. सर्व नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती व्हावयास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. 'मस्तक माझे, मर्जीही माझी' असा पक्ष कित्येकांनी मांडला होता. पण बंधूंनो, घरी दिवा लावून आपली वाट पाहणाऱ्या माणसांचा त्या मस्तकावर काहीच हक्क नाही काय?

आपल्या देशातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण आवश्यक ठरविले आहे. तथापि हँडलला अडकवलेले शिरस्त्राण कोणाचेही रक्षण करीत नाही. ते मस्तकावर असावे, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळलेला असावा, आणि मागे बसणाऱ्यालाही ते मिळावे. ज्या शस्त्रवैद्याला आपले रुग्ण कमी व्हावेत असे वाटले, त्याच्या स्मृतीस याहून योग्य आदरांजली नाही.