एका जिमखान्याची हकीकत

पुण्याला गेलात आणि शहरातल्या बसमध्ये बसलात, म्हणजे 'डेक्कन, डेक्कन' ही हाक हमखास कानावर पडते. उतारू भराभर उतरतात. कोणी पुस्तके घ्यायला, कोणी कॉलेजात, कोणी नुसतेच चहा प्यायला. पण ज्याच्यामुळे त्या साऱ्या वस्तीला हे नाव पडले तो एक खेळाचा क्लब आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे! आमच्या विठ्ठलवाडीच्या स्टेशनावरून न थांबता धडधडत निघून जाणारी 'डेक्कन क्वीन' वेगळी. ती १९३० साली सुरू झाली आणि तिचा या क्लबाशी काही संबंध नाही. मी बोलणार आहे तो डेक्कन जिमखान्याविषयी. गाडीपेक्षा तो चोवीस वर्षांनी थोरला.

'जिमखाना' हा शब्दच मोठा गमतीचा. अर्धा साहेबाचा, अर्धा आपला. मुंबईत साहेब लोकांनी १८७५ साली बॉम्बे जिमखाना काढला, तो फक्त गोऱ्यांसाठी. मग पारशांनी आपला काढला, हिंदूंनी आपला, मुसलमानांनी आपला. म्हणजे मैदान एकाच समुद्राकाठी, पण कुंपणे निराळी. पुण्याच्या लष्करातही साहेबांचे क्लब होतेच.

अशा दिवसांत, १९०६ च्या ऑक्टोबर महिन्यात, पुण्याच्या काही उत्साही मंडळींनी डेक्कन जिमखाना स्थापन केला. बाळकृष्ण नारायण भाजेकर हे त्याचे पहिले चिटणीस. साल लक्षात घ्या. बंगालची फाळणी होऊन एक वर्ष झालेले, स्वदेशीची चळवळ जोरात. नावात ना हिंदू, ना पारशी. 'डेक्कन', म्हणजे आपली दख्खन. जागा मुठा नदीच्या पलीकडे, गावाबाहेर. आज तिथे रस्ता ओलांडायला पाच मिनिटे लागतात, पण त्या वेळी पुणे नदीच्या अलीकडेच संपत असे.

आता या जिमखान्याने केलेली दोनच कामे सांगतो. बाकीची पुष्कळ आहेत, पण टेनिस कोणी कसे खेळले याच्यात आपल्याला आज शिरायचे नाही.

पहिले काम खो-खोचे. खो-खो कोणी शोधून काढला हे विचारण्यात अर्थ नाही. आट्यापाट्या कोणी शोधल्या, हुतुतू कोणी शोधला? खेळ गावागावांतून चालत होता, आणि गावागावांत त्याची रीत निराळी. एका गावी किती गडी बसायचे ते दुसऱ्या गावी मान्य नसायचे. एकाच आळीतली पोरं खेळत होती तोवर याने काही बिघडत नव्हते. पण शेजारच्या गावाशी सामना ठरला, की खेळ राहायचा बाजूला आणि भांडण व्हायचे. ज्या शिक्षकांनी अशा सामन्यांत पंच म्हणून शिट्टी फुंकली आहे त्यांना मी काय म्हणतो ते जास्त सांगायला नको!

डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास हे नियम बसवायला घेतले. पुढे बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने, आणि नंतर अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ते काम पुरे केले. आज आपण पाहतो तो खेळ असा: आठ गडी एका ओळीत, एक या बाजूला तोंड करून तर दुसरा त्या बाजूला, असे बसतात. नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरायचे नाही, मधली रेघ ओलांडायची नाही, आणि खो द्यायचा तो बसलेल्या गड्याच्या पाठीमागूनच. पळणारे मात्र कसेही पळोत. कायदा आहे तो पकडणाऱ्यावर, पळणाऱ्यावर नाही. मला स्वतःला हा नियम फार आवडतो. या एका गोष्टीमुळे खेळात अक्कल आली; नाहीतर तो नुसता धावाधावीचा खेळ राहिला असता. शिवाय खर्च काय? दोन खांब आणि मूठभर फक्की. बॅट नको, चेंडू नको, जोडाही नको.

दुसरे काम याहून मोठे, आणि ते घडले जवळजवळ सहज.

दोराबजी टाटा हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. खेळाचा त्यांना नाद. जिमखान्याने त्यांना अध्यक्ष केले होते. १९१९ साली जिमखान्याच्या वार्षिक शर्यती पाहायला ते गेले. तिथे त्यांनी काय पाहिले ते त्यांनी पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना पत्रातून कळवले. धावणारी बहुतेक पोरं शेतकऱ्यांची होती. शेतात राबायचे, जे साधे अन्न मिळेल ते खायचे आणि पळायचे. विलायती नियम त्यांना ठाऊक नव्हते, शिकवायला कोणी नव्हते. शंभर यार्डांची शर्यत चिटणीस मंडळी वळणावरून घेणार होती, कारण मैदान लहान होते, आणि सरळ पळाले काय नि वळून पळाले काय, त्यांच्या लेखी सारखेच! प्रत्येकाला वेगळी पट्टी आखून दिलेली नव्हती. जमीन खडबडीत गवताची.

दिवसाची मुख्य शर्यत सुमारे पंचवीस मैलांची. तिला नाव दिलेले 'मॅरेथॉन'. शेतकऱ्यांची पोरे ती खडीच्या कठीण रस्त्यावरून अनवाणी पळाली. दोराबजींनी त्यांची वेळ पाहिली आणि ते चकित झाले. युरोपात जी वेळ चांगली म्हणून समजत, तिच्याशी ही पोरं बरोबरी करत होती. तेव्हा बेल्जममधल्या अँटवर्प शहरी १९२० साली ऑलिंपिक भरणार होते. यांना तिकडे का धाडू नये, असे दोराबजींच्या मनाने घेतले. त्यांनी खटपट केली, पदरचे पैसेही घातले.

गेले सहा जण. बंगालचे पूर्मा बॅनर्जी, त्यांच्या हाती निशाण. धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी. कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. त्यापूर्वी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी हिंदुस्थानच्या नावावर दोन रौप्यपदके घेतली होती. पण संघ म्हणून गेलेली पहिली तुकडी हीच.

चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. वेळ दोन तास पन्नास मिनिटे आणि पंचेचाळीस सेकंद. एकोणिसावा नंबर म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. त्याने एवढे पाहावे की त्या वर्षीची वाट नेहमीच्या बेचाळीस किलोमीटरांपेक्षा सुमारे अर्ध्या किलोमीटरने लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटर होती, ऑलिंपिकच्या साऱ्या मॅरेथॉन शर्यतींत सर्वांत लांब. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. नवले पहिल्याच फेरीत हरले. रणधीर शिंदे मात्र आपल्या वजनाच्या गटात चौथे आले. पदक तिसऱ्यापर्यंत. म्हणजे एका कुस्तीचे अंतर! ते अंतर कापायला बत्तीस वर्षे लागली. १९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले. ते खेड्यातले, आणि त्यांच्या प्रवासाचे पैसे लोकांनी मिळून उभे केले.

दोराबजी पुढे आंतरराष्ट्रीय समितीचे सभासद झाले, आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली तिचे पहिले अध्यक्ष. या सगळ्याचा उगम धरायचा तर नदीपलीकडच्या त्या खडबडीत गवतात धरावा लागतो.

पण एक गोष्ट इथे बोलून टाकली पाहिजे. जिमखाना चालवणारे कोण होते? शहरातले शिकलेले, पांढरपेशे. आणि रस्त्यावर धावणारे कोण? वर्षातून एकदा शर्यतीपुरते येणारे खेड्यातले. खेळाच्या मैदानावर दोघे भेटत. मैदान संपले की वाटा वेगळ्या. पुण्यातच याच्या थोडे आधी पाळवणकर बाळू हा चांभार समाजातला मुलगा साहेबांच्या क्लबात खेळपट्टी नीट करायच्या कामावर होता, आणि साहेबांना गोलंदाजी टाकत होता. साहेबांना हरवायचे तर हा हवा, म्हणून हिंदूंच्या संघाने त्याला घेतले. चेंडू त्याच्या हातचा चालला; चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हेच बाळू १९११ साली हिंदी संघाबरोबर विलायतेला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एखाद्या क्लबाची हकीकत सांगताना करंडक मोजतात, तशी ही भांडीही मोजली पाहिजेत, असे माझे मत आहे.

खो-खोकडे परत येतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८ विरुद्ध ४० असे हरवले, मुलांनी ५४ विरुद्ध ३६ असे. दोन्ही संघांचे कप्तान, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, आपल्या महाराष्ट्रातलेच. गावोगाव निराळा असणारा खेळ कागदावर उतरला नसता, तर दुसऱ्या देशाचा संघ तो कशावरून शिकला असता?

आणि उतरले नाहीत असे खेळही पुष्कळ आहेत. आमच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे वसली. सिंधमध्ये 'मलाखडा' नावाची कुस्ती असे. कमरेला पिळलेले फडके बांधायचे आणि ते धरून गड्याला खाली पाडायचे. आपल्या मातीतल्या कुस्तीहून डाव वेगळे. शाळेतल्या मुलांनी घरी आजोबांना हा शब्द एकदा विचारून पाहावा.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक सुचवतो. तुमच्या गावी तालीम असेल, मंडळ असेल, नुसतीच एक मोडकी व्यायामशाळा असेल. एक वही करा. ती कोणी काढली, कोणत्या साली, जागा कोणी दिली, पहिला सामना कोणत्या गावाशी झाला, हे म्हाताऱ्या माणसांकडून विचारून मुलांना लिहायला लावा. कोणाला आत येऊ देत नव्हते, हेही विचारा. पेल्यांवर कोरलेली नावे आणि साले उतरवून घ्या. आणि नावे लिहाल ती पुरी लिहा, बापाच्या नावासकट, गावासकट. अँटवर्पच्या कागदांत आपल्या रणधीर शिंद्यांचे 'शिंदेस' होऊन बसले आहे, आणि शंभर वर्षे झाली तरी ते तसेच आहे.