दहापैकी सात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'वाचन' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. वाचनाचं महत्त्व मी सांगणार नाही. ते सांगणारे पाहुणे शाळेत आले की मागच्या बाकांवर काय चालायचं, ते सर समोर बसले असल्यामुळे इथे सांगता येत नाही. मी फक्त एका अकरा वर्षांच्या समीक्षकाचं मत तुमच्यापर्यंत पोचवणार आहे. समीक्षक म्हणजे माझी नात. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वाचते ती बोट ठेवून, अडखळत. पुस्तक भा. रा. भागवतांचं, 'प्रतापगडावर फास्टर फेणे'.

हे नाव घेतल्याबरोबर तुमच्यातल्या चौघांनी जीभ टाळ्याला लावून 'ट्टॉक' केलं, ते मला इथपर्यंत ऐकू आलं. म्हणजे ओळख करून द्यायला नको. फुरसुंगीचा बनेश फेणे, अंगानं काडी, बुडाखाली सायकल आणि चोरांशी जन्माचं वैर.

ग्रंथालयाच्या तासाला फाफे मिळणं हे नशिबाचं काम असायचं. पुस्तकं थोडी, वर्ग साठ जणांचा, आणि कपाटाची किल्ली बाईंच्या कमरेला. पुस्तक हातात आलं की आपण आधी शेवटचं पान उघडायचो. कारण तिथे पेन्सिलीनं लिहिलेली मतं असायची. 'झकास.' 'ठीक.' 'चोर कोण ते मी सांगणार नाही', आणि त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात चोराचं नाव! पुस्तकावर लिहिलं म्हणून बाई दंड करायच्या. पण मराठी बालवाङ्मयाची इतकी रोखठोक समीक्षा मी पुढे कुठल्याच नियतकालिकात वाचली नाही.

तर नातीनं दिले दहापैकी सात गुण. तीन कशाचे कापले, ते विचारलं.

पहिला गुण योगायोगाचा. "हा जिथे जातो तिथे चोर कसे असतात गं आजी? पुण्यात चोर, गडावर चोर, काश्मीरला गेला तरी चोर." तिनं सत्यजित राय यांचा फेलूदाही वाचलाय, अशोक जैनांनी मराठीत आणलेला. फेलूदा कसा विचार करतो, कशावरून ओळखतो, ते तिला फार आवडतं. फाफे विचार करत बसत नाही, तो आधी पळतो. तिच्या मते हे रहस्य नाही, ही शर्यत आहे. माझ्या मते तिचं बरोबर आहे. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, त्यांच्या पेनात प्रवासाची आणि वेगाची ओढ होती. कोडं घालण्यापेक्षा पोराला दारातून बाहेर काढण्यात त्यांना जास्त रस असावा.

दुसरा गुण मुलींचा. मी म्हटलं, "अगं, माली आहे की." ती म्हणाली, "मग तिच्या नावाचं पुस्तक कुठंय?" वीस पुस्तकांचा संच पुढ्यात होता, वीसही मुखपृष्ठांवर एकच नाव. आपल्या वर्गातल्या सव्वीस मुलींनी ही पुस्तकं वाचली, आणि मनातल्या मनात सायकलवर स्वतःला बसवलं. हा प्रश्न आपल्यापैकी एकीलाही पडला नव्हता. फेलूदाकडे तरी कुठे मुली आहेत, हे मी तिला सांगितलं. त्यावर तिनं फेलूदाचाही एक गुण कापला.

तिसरा गुण अवघड शब्दांचा. तो तिनं नंतर परत दिला, कारण शब्द मला विचारता आले. पण लगेच दुसऱ्या कारणासाठी कापला, आणि त्यासाठीच मी आज इथे उभी आहे. ती म्हणाली, "हे खोटं वाटतं. एवढासा मुलगा एकटा सायकलवर कुठेही जातो, आणि कोणी त्याला पोचल्यावर फोन कर म्हणत नाही?"

म्हणजे बघा. चोर, भुयारं, मारामाऱ्या तिनं मान्य केल्या, आणि पुण्याच्या रस्त्यावरून एकटं जाणारं पोर हेच तिला अद्भुत वाटलं. आपल्याला तेवढंच खरं वाटायचं! तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी जायचं, चेन पडली की हात काळे करून घ्यायचे. घरी विचारायचे ते फक्त 'दिवेलागणीला कुठे होतीस?' एवढंच. तिची शाळेची सहल प्रतापगडावर गेली होती. दोन-दोनच्या रांगेत, गळ्यात ओळखपत्र. गडावरच्या कुठल्याच अंधाऱ्या कोपऱ्यात तिला डोकावता आलं नाही. पुस्तक निवडलं ते त्यासाठी.

सिनेमा तिनं आधीच पाहिला होता, २०१७ सालचा. अमेय वाघचा फाफे मोठा आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला, आणि दिलीप प्रभावळकर स्वतः भागवत झालेत. चांगला सिनेमा आहे. पण फाफे मोठा करावा लागला, हे मला जरा टोचलं. आजच्या पुण्यात दहा-बारा वर्षांचा फाफे प्रेक्षकांना पटला असता का, कोण जाणे. सिनेमा आला त्याच ऑक्टोबरात फुरसुंगी पुणे महापालिकेत आलं. पुढे ते पुन्हा वेगळं होऊन तिथे नगरपरिषद झाली. मधली कित्येक वर्षं त्या गावाचं नाव पेपरात येत होतं, ते आपला कचरा तिथे जात होता म्हणून. फाफेच्या गावाशी या शहरानं ठेवलेला हा संबंध!

नातीनं सायकलवर फुरसुंगीला जायचा हट्ट धरला. तिच्या बाबांनी, म्हणजे माझ्या मुलानं, नाही म्हटलं. हडपसरची रहदारी तुम्हांला ठाऊक आहे. त्याचं चूक नाही, आणि चूक नाही याचाच मला राग येतो. शेवटी आम्ही दोघी बसनं गेलो. दुकानांच्या पाट्यांवर गावाचं नाव दिसलं की ती मोठ्यानं वाचायची, बोट न ठेवता. उतरल्यावर एका पानटपरीवाल्याला विचारलं, "फेण्यांचं घर कुठंय?" तो म्हणाला, "कोणते फेणे?" ही खूश! "म्हणजे त्यानं पत्ता लपवलाय," म्हणाली.

आता कामाचं. आपल्या तुकडीनं शाळेच्या ग्रंथालयाला कपाट द्यायचं ठरवलंय, त्यासाठी निधीही जमलाय. माझ्या दोन विनंत्या आहेत. मुख्याध्यापिका बाई, त्या कपाटाला कुलूप नको. पुस्तकं फाटतील, एखाद-दुसरं हरवेल, तेवढी भरपाई आम्ही दरवर्षी करू. आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पानं चिकटवून घ्यावीत, सोबत दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. दंड नको.

फाफेचा संच माझ्याकडून. त्यातल्या एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पहिलं मत आधीच लिहिलेलं आहे. अक्षर वाकडं आहे, 'फुरसुंगी'तला पहिला उकार चुकलाय, तो मी दुरुस्त केलेला नाही. बाई, तुम्हीही करू नका.